एक्केचाळिसांतली तेविसावी

बुधवारी दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटांनी देस्पिनाने अंतिम रेषा ओलांडली. ती तेविसावी आली. तिच्यामागून दोन मिनिटांत आणखी सहा जणी आल्या आणि मग चढाचा रस्ता बराच वेळ मोकळाच राहिला.

पंचांच्या तंबूशेजारी नाउम वही मिटून उभा होता. फलकावर तेवीस हा आकडा दिसत होता, पण नाउम फलकावरून काही लिहून घेत नसे. पंचांच्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय वही उघडायची नाही, हा त्याचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. उत्तर मॅसिडोनियाच्या संघाचा तो चिटणीस. छत्तीस मुलामुलींचे पासपोर्ट त्याच्याकडे, पोटदुखीच्या गोळ्या त्याच्याकडे, आणि रोज संध्याकाळी सहा वाजता मायदेशी निकालपत्र पाठवायचं कामही त्याचंच. त्या पत्रात एकही विशेषण नसे. "काका, निदान 'झुंजार' तरी लिहीत जा," असं एक वार्ताहर एकदा फोनवर म्हणाला होता. "झुंजार म्हणजे कितवा?" नाउमने विचारलं होतं.

देस्पिना कठड्याला टेकून खाली बसली होती. सोळा वर्षांची, काटकुळी, गालांवर घामाचं वाळलेलं मीठ. तिचा प्रशिक्षक मेतोदी तिच्या मानेवर पाणी ओतत होता. बेरोवोच्या डोंगरात त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत तीन शर्यतीच्या सायकली आहेत आणि गावात तेवढ्यालाच क्लब म्हणतात.

"किती आल्या, दादा?"

"येतायत अजून. आधी पाणी पी."

"तू मोजतोयस ना?"

"मोजतोय. एकोणतीस."

"सेहेचाळीस व्हायला पाहिजेत."

हिशेब संघातल्या सगळ्यांनाच पाठ होता. राजधानीतल्या क्रीडाशाळेत बारा जागा असतात. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या युरोपच्या युवा क्रीडामहोत्सवात जो आपल्या प्रकारात पहिल्या अर्ध्यात येईल, त्याला तिथे दोन वर्षं राहणं, जेवण, शाळा आणि राष्ट्रीय संघाबरोबर सराव. सतरा पूर्ण झाल्यावर पुन्हा संधी नाही. देस्पिनाची आई बेरोवोतल्या शिवणकारखान्यात काम करते. सप्टेंबरपासून मुलीसाठी तिथलं एक मशीन तिने सांगून ठेवलं होतं. सायकलचं जमलं तर मशीन दुसऱ्या कोणाला, एवढं साधं होतं ते.

तेविसावी अर्ध्यात बसायची तर निदान सेहेचाळीस जणी पोचायला हव्या होत्या.

एका फ्रेंच मुलीनंतर तीन आल्या. मग दोन. मग एक, दात आवळून, एक पायमोजा रक्ताने माखलेला. देस्पिना उठून कठड्यावर ओणवली आणि अनोळखी मुलींना ओरडून हाका मारू लागली. "चल! चल ना गं! संपलंच आता!" बाजूच्या एका बाईने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. किती खिलाडू पोरगी, असं तिला वाटलं असावं.

एक्केचाळिसावी एक वाजून चार मिनिटांनी आली. तिच्यानंतर वळणावर दिसली ती गाडी. मागे झाडू बांधलेली, मंद चालणारी, शर्यत सोडलेल्यांना आणि फार मागे पडल्याने पंचांनी थांबवलेल्यांना गोळा करत येणारी. टपावर सायकली रचलेल्या होत्या. काचेआड मुली माना टाकून बसल्या होत्या. तिच्यामागे दुसरीही तशीच होती.

देस्पिनाने गाड्यांकडे पाहिलं. मग नाउमकडे वळून विचारलं, "काका, निघालो तेव्हा आम्ही किती होतो?"

"चौऱ्याहत्तर."

"म्हणजे या सगळ्या माझ्या मागं होत्या."

"हो."

"आणि यांतल्या अजून पाच जणी रडत-खडत वर आल्या असत्या, तर मला जागा मिळाली असती?"

नाउमने डोक्यात आकडे मांडून पाहिले. "मिळाली असती."

"आणि त्या थांबल्या म्हणून नाही मिळणार."

"नियम तसा आहे."

"माहीत असतं तर एकेकीला ढकलत आणलं असतं," ती म्हणाली आणि बूट सोडायला खाली वाकली. बराच वेळ तिने मान वर केली नाही.

पंचांच्या सहीचा कागद एक वाजून चाळीस मिनिटांनी मिळाला. नाउमने वही उघडली. निघालेल्या ७४, पूर्ण केलेल्या ४१, देस्पिना २३. पेन खिशाला लावताना त्याचं टोपण खाली पडलं. ते उचलायला तो थोडा जास्तच वेळ वाकून राहिला.

संघप्रमुख बिसेरकाबाई वसतिगृहाच्या जेवणघरात भेटल्या. कधीकाळच्या हँडबॉलच्या गोलरक्षक, अजूनही दारात उभ्या राहिल्या की दार भरून जायचं. सकाळी शर्यतीला निघताना देस्पिनाच्या मागच्या चाकामागे बाटलीभर पाणी त्यांनीच ओतलं होतं. घरून कोणी कामाला निघालं की मॅसिडोनियात असं ओततातच. सगळं पाण्यासारखं सुरळीत वाहावं म्हणून.

"चिटणीससाहेब, बसा," त्या म्हणाल्या. ब्रेडवर घरून आणलेलं भाजल्या मिरच्यांचं आयवार थापत होत्या. "ऐकलं मी. आता एक करा. त्या रकान्यात चौऱ्याहत्तर घाला."

"रकाना 'शर्यत पूर्ण केलेले' असा आहे."

"चौऱ्याहत्तर निघाल्या, खरं की खोटं?"

"खरं."

"मग खरं लिहायला कसली लाज?"

"खरं आहे, पण त्या रकान्यातलं नाही."

"त्या रकान्याला चौकट करून घ्या आणि घरी भिंतीवर टांगा." त्यांनी सुरी खाली ठेवली. "शाळेतले लोक तुमच्या कागदाशिवाय दुसरं काही बघत नाहीत. नाउमने लिहिलं म्हणजे संपलं. तो विश्वास एकदा तरी कोणाच्या कामी येऊ दे की."

"एकदा वापरला की तो संपतो, बाई."

"ऑक्टोबरात तुम्ही निवृत्त होताय. संपला तरी काय लोणचं घालायचंय त्याचं?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "कुठल्या शहाण्यानं केला हो हा नियम? डोंगर चढून जे मेले ते मोजायचेच नाहीत?"

"मी केला."

बिसेरकाबाईंनी घास तसाच हातात धरला.

"दहा वर्षांपूर्वी. शाळेनं मसुदा मागितला होता. एका दुपारी बसून टाइप केला."

"आणि तेव्हा सायकल तुम्हाला माहीत नव्हती?"

"मी पोहणारा माणूस," नाउम म्हणाला. "ओह्रिडच्या तळ्यात वाढलो. पाण्यात उडी मारलेला प्रत्येक जण शेवटी भिंतीला हात लावतोच. निघालेले आणि पोचलेले वेगळे असतात, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

साडेतीनला त्याने खोलीतल्या छोट्या शेगडीवर कॉफी चढवली. लांब दांड्याचं तांब्याचं भांडं तो प्रत्येक दौऱ्यावर सोबत नेत असे. मेतोदीला त्याने बोलावून घेतलं होतं. मेतोदी हात पुसत आला. नखांत काळं वंगण होतं.

"झोपली का ती?"

"झोपलीय म्हणते. भिंतीकडं तोंड करून पडलीय."

कॉफीला फेस आला. नाउमने भांडं उतरवलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरवलं.

"मेतोदी, हा नियम चुकीचा आहे असं तुला कधी वाटलं होतं?"

मेतोदीने कपाची दांडी फिरवून आपल्या बाजूला घेतली. "मला पत्र आलं होतं ना, काका."

"कसलं पत्र?"

"नियम सातप्रमाणे आपला क्रमांक पहिल्या अर्ध्यात बसत नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा. शुभेच्छा टाइप केलेल्या होत्या. सही शाईची होती." त्याने नाउमकडे पाहिलं. "तुमची."

नाउमने कॉफी ओतायची थांबवली.

"आठ वर्षं झाली," मेतोदी म्हणाला. "सतरा वर्षांचा होतो. निघालो एकशे एक, पोचलो अठ्ठावन्न. मी तेहेतिसावा." आपल्या घराचा पत्ता सांगावा तसं त्याने ते सांगितलं.

अठ्ठावन्नचे अर्धे एकोणतीस. एकशे एकचे अर्धे पन्नास. नाउमला हिशेबाला वेळ लागला नाही.

"मला विचारायला का आला नाहीस?"

"काय विचारणार? वाटलं, मोठ्या माणसांनी मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. वडील म्हणाले, पुढच्या वेळी अजून जोरात मार. पुढची वेळ कुठली असायला."

"आणि आता? सहा दिवस माझ्यासमोर बसून जेवतोयस."

"पोरगी पहिल्या विसांत येईल असं वाटलं होतं. मग बोलायची वेळच आली नसती." त्याने एक घोट घेतला. "कॉफी चांगलीय."

"राग नाही आला?"

"होता की. दोनेक वर्षं. मग दुकान टाकलं. चाकाच्या तारा ताणताना राग धरून चालत नाही, चाक वाकडं बसतं."

नाउमने संगणक उघडला. महोत्सवाची सगळी जुनी निकालपत्रं त्यात होती. आठ वर्षांपूर्वीचं पान सापडायला अर्धं मिनिट पुरलं. सायकल, मुलगे, रस्ता. मेतोदी, ३३वा. शर्यत पूर्ण केलेले : ५८. एकही विशेषण नव्हतं. आपण टाइप केलेली ती ओळ त्याला मुळीच आठवत नव्हती.

साडेचार ते साडेपाच तो एकटा बसला. नियम केल्यापासूनच्या प्रत्येक महोत्सवाचं पान त्याने पाहिलं. ज्या ज्या शर्यतीत काही जण वाटेत थांबले होते, तिथे तिथे त्याने दोन्ही आकडे मांडले. निकाल बदलणारी दोनच नावं निघाली. त्याने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. दोनच.

निकालपत्र नेहमीच्याच क्रमाने तयार झालं. ज्युदो, एक कांस्य. पोहणे, एक सहावा क्रमांक. हँडबॉल, मुली, पराभव, २१-२४. सायकल, मुली, रस्ता : देस्पिना, २३वी. शर्यत पूर्ण केलेल्या : ४१. त्याच्यामागे त्याने दुसरा कागद जोडला, क्रीडाशाळेच्या मंडळाच्या नावे.

बिसेरकाबाईंनी तो उभ्यानेच वाचला.

"नियम सात मी लिहिला. तो लिहिताना मी शर्यत सुरू केलेले आणि पूर्ण केलेले यांत फरक केला नाही. ही चूक माझी आहे. तिच्यामुळे देस्पिना आणि आठ वर्षांपूर्वी मेतोदी पात्र असूनही अपात्र ठरतात. मेतोदीला नकार कळवणारं पत्र मी पाठवलं होतं."

"यात 'मी' तीनदा आलाय," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत तुमच्या कागदावर मी कधी 'मी' पाहिला नव्हता."

"काढू?"

"राहू द्या." त्यांनी कागद परत दिला. "मात्र माझं ऑक्टोबरचं भाषण गेलं कामातून. एकही चूक नाही, असं लिहून ठेवलं होतं."

"भाषण बदला."

मेतोदी दारात येऊन उभा होता. "काका, माझं नाव कशाला घातलं? मी काय आता वसतिगृहात जाऊन झोपू? पंचवीस वर्षांचा झालोय. पोरीचं होत असेल ते माझ्या नावामुळं अडेल. म्हणतील, आज हिला दिलं तर उद्या जुने सगळे उठतील."

"म्हणतील कदाचित."

"मग काढा."

"एकटीचंच नाव दिलं तर ती सवलत मागितल्यासारखं होईल," नाउम म्हणाला. "चूक झाली म्हणायचं तर ती ज्यांच्या-ज्यांच्या बाबतीत झाली, ते सगळे सांगावे लागतात."

मेतोदी चौकटीला टेकला. "तेहेतिसावाच लिहिलंय ना?" त्याने विचारलं.

"तेहेतिसावा. एकशे एकांत."

"बरं."

कागदावर सही झाली. तो स्कॅन करायला यजमानांच्या कचेरीत न्यायचा होता, व्हरांडा संपतो तिथे. नाउम निघाला. दहा-बारा पावलं गेल्यावर मागे पाणी सांडल्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं. बिसेरकाबाई बाटलीचं झाकण लावत होत्या. फरशीवर त्याच्या टाचांपर्यंत एक ओघळ आला होता.

"बघता काय, जा," त्या म्हणाल्या. "पुसते मी."

निकालपत्र सहा वाजून अकरा मिनिटांनी गेलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा उशिरा. एका वर्तमानपत्रातून फोन आला, तब्येत बरी आहे ना म्हणून.

गुरुवारी काही उत्तर आलं नाही. देस्पिना हँडबॉलच्या सामन्याला गेली आणि घसा बसेपर्यंत ओरडली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. आशा दाखवून पुन्हा काढून घ्यायला नको, असं मेतोदीचं म्हणणं पडलं.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता क्रीडाशाळेने यादी लावली. अकरा नावं होती. बारावी ओळ मोकळी होती.

तीन वाजून वीस मिनिटांनी मंडळाकडून नाउमला एका ओळीचा निरोप आला : दोन्ही शर्यतींची पंचांच्या सहीची मूळ निकालपत्रकं सोमवारी सकाळी दहापर्यंत सादर करावीत.

नाउमने तो दोनदा वाचला आणि मेतोदीला दाखवला. मेतोदीने 'दोन्ही' या शब्दावर बोट ठेवलं आणि फोन परत दिला.

देस्पिनाच्या शर्यतीचा कागद वहीत होता. आठ वर्षांपूर्वीचा राजधानीतल्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या खणात. कपाटाची चावी नाउमच्या खिशात होती. मायदेशी परतणारी बस शनिवारी सकाळी सहाला सुटणार होती.