गिरजाबाईंची वीत

माझ्या मुठीच्या टोकापासून एकोणीस सेंटिमीटरवर एक बारीक खाच आहे. जेमतेम दोन मिलिमीटर खोल. तीस वर्षांत तिच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, तरी बोट फिरवले की ती लागते.

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे आणि ही खाच म्हणजे गिरजाबाईंची वीत आहे.

माझा जन्म रोह्याकडच्या खांब गावाजवळ एका बांधावर, चिवाच्या बेटात झाला. चिवा म्हणजे बारीक, चिवट बांबू. माझे धनी जगनभाऊ रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करत. त्यांनी मला तोडले, महिनाभर सावलीत सुकवले, निखाऱ्यावर शेकून सरळ केले आणि करंजाचे तेल चोळले. टोकाला तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, दोरा बांधला, दोऱ्याला गळ. मग त्यांनी नव्या नवरीला हाक मारली.

"गिरजे, हात पसर गो हिच्यावर. या वितीपेक्षा लहान मासा मी घरी आणणार नाय."

"म्हणजे रोज डाळभातच खायचा म्हणा," असे म्हणत गिरजाबाईंनी पिठाचा हात माझ्यावर पसरला. करंगळी टेकली तिथे जगनभाऊंनी कोयत्याने खूण केली.

"येतेस काय नदीवर?" त्यांनी विचारले.

"बघू," गिरजाबाई म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी आम्ही कुंडलिका नदीवर जात असू. अष्टमी गावच्या पुलापासून अर्धा तास वर चालत गेले की एक खोल, डोहासारखी कोंड लागते. हिवाळ्यात तिथले पाणी इतके स्वच्छ असे, की मासा गांडुळाजवळ येऊन परत फिरलेला वरून दिसे. उन्हाळ्यात मासे तळाशी जात. तेव्हा तासन् तास काहीच घडत नसे आणि जगनभाऊंना तेच आवडे. गळाला लागलेला मासा ते माझ्यावर आडवा ठेवत. शेपूट खाचेपर्यंत पोचली नाही, तर ओल्या हाताने त्याला पाण्यात सोडत.

पावसाळ्यात मासे अंडी घालायला ओढ्यांतून शेतात चढतात. त्याला वलगण म्हणतात. सारे गाव तेव्हा मासे धरायला धावे. जगनभाऊ मात्र मला पडवीच्या वाशाला बांधून ठेवत.

"काका, मासा दारात आलाय आणि तुम्ही काठी टांगलीत?" शेजारचा प्रवीण दरवर्षी चिडवी.

"पोटुशीला कोण धरतं काय रे?" जगनभाऊ म्हणत.

गणपती गेले की मला उतरवून पुन्हा तेल लावले जाई. पुन्हा तोच प्रश्न विचारला जाई. "येतेस काय गो?" कधी धुणे असे, कधी मुलीची परीक्षा. उत्तर बदलत नसे. "बघू."

आमच्या नदीची एक रीत आहे. वर धरणाच्या पाण्यावर वीज तयार होते आणि ते पाणी मग नदीत येते. म्हणून रोज पाणी चढते आणि उतरते. जगनभाऊ खडकावर बसण्याआधी काठाला एक पांढरा खडा ठेवत. खडा भिजला की उठायचे, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. फक्त एकदा मोडला. दोन वर्षांपूर्वी एक मोठा शिंगाळा मासा गळाला लागला आणि त्यांची नजर माझ्या टोकावर खिळली. खडा कधीच बुडाला होता. ते उठले, पाय घसरला. मी खडकावर आपटून सातव्या पेराशी चिरले. ते काठापर्यंत आले, पण उजवे मनगट मोडले. आता त्या हाताची तीन बोटे मिटत नाहीत.

"नदीचं नाव काढायचं नाय," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनी माझा दोरा सोडला आणि मागच्या अंगणात माझ्यावर कपडे वाळत घातले. मला राग आला नाही. घाबरलेल्या माणसाचा हात मी ओळखते.

सकाळी दहाच्या सुमाराला जगनभाऊ पायरीवर येत, नदीच्या दिशेने बघत आणि हळूच म्हणत, "पाणी आलं असंल." गिरजाबाई ते ऐकत आणि कपडे पिळत राहत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू पडलेली असेल. तिला अधूनमधून पुसा, तेलपाणी करा. आणि ती कोणाच्या हातातली होती, त्या माणसाचीही एकदा विचारपूस करा.

गेल्या पौषात प्रवीण आला. "काका, काठी मला देता काय? नायतरी चड्ड्याच वाळवताय तिच्यावर."

जगनभाऊंनी माझ्या चिरेवरून डाव्या हाताचे बोट फिरवले. मग म्हणाले, "ने बाबा. चीर तेवढी बांधून घे."

प्रवीणने मला हात लावला, तेवढ्यात गिरजाबाई आतून आल्या.

"ठेव ती. नाय द्यायची."

त्यांनी माझ्यावरचे कपडे एकेक करून काढले. पदराने मला पुसले. चिरेवर सुतळी घट्ट गुंडाळली. मग मुठीच्या टोकाला अंगठा टेकवून हात पसरला. करंगळी बरोबर खाचेत बसली.

"वीत तेवढीच हाय गो," जगनभाऊ म्हणाले.

"तुमची जीभ बी तेवढीच हाय."

प्रवीण हसला. जगनभाऊंनी या वेळी काही विचारले नाही. विचारायचे त्यांनी मनगट मोडल्यापासूनच सोडले होते. गिरजाबाईंनी मला पडवीत, दाराजवळ उभे केले.

"उद्या मी येते नदीवर," त्या म्हणाल्या. "काठी मी धरीन. तुम्ही खड्याकडं बघा."