खरखरणारा आत्मा

१९५६ सालची गोष्ट. चेंबूरच्या एका चाळीत, प्रेमाबाई नावाच्या बाईंच्या शेजारच्या खोलीत दर गुरुवारी निनादबाबांचा दरबार भरे आणि माणसं जिन्यापर्यंत उभी राहत. मध्ये पाटावर हार घातलेला रेडिओ. काटा कुठल्याच स्टेशनवर नाही, नुसती खरखर. बाबा रोग्याला त्यावर हात ठेवायला लावत.

"ऐका, रोगाचा आत्मा कसा थयथयाट करतोय. शांत हो, मेल्या."

त्यांनी तळहात उगारला की खरखर एकदम बंद. लोक हात जोडत.

माझी धाकटी बहीण उत्तराही जोडायची. तिच्या मुलीला, क्षमाला, क्षय झाला होता. इंजेक्शनं लागू पडत होती, आणि बाबांच्या सांगण्यावरून उत्तराने ती थांबवली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा दरबार पाहून आलो, घरी दोन रेडिओ मांडून तोच प्रकार मला जमला, तसा मी तिच्याकडे गेलो.

"रेडिओत ताकद आपोआप कमीजास्त करणारी सोय असते," मी म्हणालो. "स्टेशन अशक्त असलं की ताकद वाढते, जोरकस असलं की उतरते. स्टेशनच नसलं की तो सगळी ताकद लावून ऐकतो, म्हणून खरखर. आता शेजारी दुसरा रेडिओ लावला, तर त्यातूनही एक लहर बाहेर पडते. ती नेमक्या जागी आली की पहिल्याला वाटतं, जोरकस स्टेशन लागलं. तो ताकद उतरवतो. पण त्या लहरीवर बोलणारं कुणी नसतं. म्हणून शांतता. बाबांनी असाच एक रेडिओ जवळपास लपवला असणार."

"अण्णा, तुझं शाळेतलं मला नको सांगूस. आत्मा गप्प होतो, मी कानांनी ऐकलंय."

"रेडिओ गप्प होतो गं. क्षमाचा खोकला झालाय का गप्प?"

आत क्षमा खोकत होती. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं मला. शिकलेली बाई, आणि पोरीच्या छातीपेक्षा त्या पेटीवर विश्वास.

"माझं ऐकू नकोस," मी शेवटी म्हणालो. "स्वतः फिरवून बघ."

दाराशी तुंबणाऱ्या गर्दीला वैतागलेल्या प्रेमाबाईंनी पुढच्या गुरुवारी आपली खोली दिली. फळ्यांच्या भिंतीलगत माझा रेडिओ ठेवला, आवाज पूर्ण उतरवून. पलीकडची खरखर थांबेपर्यंत उत्तराने बटण हळूहळू फिरवायचं, एवढंच ठरलं. मी दरबारात जाऊन बसलो.

"ऐका, आत्मा ओरडतोय," बाबा म्हणाले, आणि रेडिओ गप्प झाला. त्यांनी अजून हात उचललाही नव्हता.

"भ्यालाय तो," बाबांनी सावरून घेतलं आणि सवयीने तळहात उगारला. "शांत हो."

तशी रेडिओतून कर्कश शिट्टी निघाली. दोन लहरी एकमेकींना भिडल्या की असंच होतं. बाबा पुन्हा शांत हो म्हणाले. शिट्टी आणखी चढली. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

मी उठून बाबांमागचा पडदा ओढला. आत त्यांचा चेला दशरथ दुसऱ्या रेडिओचं बटण घाईघाईने फिरवत होता.

उत्तरा दारात येऊन उभी राहिली. "मघाशी मी गप्प केला तो. बाजूच्या खोलीतून. माझ्यात कुठली आलीय शक्ती?"

"बाबांनीच दिली असेल, पोरी," एक आजोबा म्हणाले.

ती तशीच घरी गेली आणि क्षमाला घेऊन दवाखान्यात पोचली. मधल्या काळात दुखणं बळावलं होतं. डॉक्टर फार रागावले. वर्ष गेलं, पण पोरगी बरी झाली. बाबा आता गोवंडीला बसतात, आणि तिथेही गर्दी असते म्हणे.

रेडिओ कसा चालतो हे ठाऊक नसण्यात कमीपणा नाही. ते विचारता येतं. पण कुणी औषध सोडा म्हणालं, तर त्याचा चमत्कार केवढाही असो, तिथून उठा आणि पोराला डॉक्टरकडे न्या.