ट्रकवरून पडलेला माणूस

पाकू व्हांगने कागद उलटून पाहिला, मागच्या बाजूला तरी काही असेल म्हणून. मागे काहीच नव्हतं. मग तिने तो टेबलावर सेल्मरकडे तोंड करून ठेवला आणि पदकांच्या रकान्यावर बोट टेकवलं.

"हे कुणी टाइप केलं, मिस्टर रोस्टाड?"

सेल्मर रोस्टाडने गुडघ्यावरची टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "मीच."

शेजारी बसलेल्या अर्डिसने मांडीवरचा बिस्किटांचा डबा घट्ट धरला. सरकारी कचेरी असली म्हणून काय झालं, कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही तिची रीत. नवऱ्याच्या या एका शब्दाने मात्र ती डबा पुढे करायचं विसरली.

सैन्यातून सुटताना सेल्मरला मिळालेला हा कागद त्रेपन्न वर्षं जुना होता. व्हिएतनामहून परतलेल्या दोनशे पोरांची ओक्लंडला सुटका व्हायची होती आणि कारकून आजारी पडले होते. टाइप कुणाला येतं, असं सार्जंटने विचारलं आणि सेल्मरने हात वर केला. दोन दिवस त्याने सगळ्यांचे कागद टाइप केले, कुणाचं एक पदक सुटू दिलं नाही. शेवटी स्वतःचा कागद यंत्रात घातला. पदकांचा रकाना आला. शौर्याबद्दल मिळालेला ब्राँझ स्टार तिथे यायला हवा होता. हेमडाल गावच्या चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला माणूस तो. आपल्या हाताने आपलं पदक टाइप करणं म्हणजे जेवायला बसल्यावर पहिली वाढ स्वतःला घेण्यासारखं. त्याने सगळ्यांनाच मिळतं ते साधं पदक लिहिलं आणि पुढे सरकला. पुढच्या रकान्यात आघाडीच्या चौकीवर काढलेले सहा आठवडे लिहायचे होते. सहाच तर आठवडे, त्यात काय लिहायचं, म्हणून तेही गाळले.

मिनेसोटाच्या या भागात नम्रपणाला मोल आहे. पीक भरघोस आलं तर 'बरं आहे' म्हणतात आणि लग्न झकास झालं तर 'फार वाईट नव्हतं' म्हणतात. पण अति तेथे माती हेही तितकंच खरं, आणि ही माती आता ड्वेनच्या डोक्यावर पडली होती.

ड्वेन हाल्व्हरसन म्हणजे सेल्मरचा शाळेपासूनचा सोबती. पंपदुरुस्तीत आयुष्य गेलं. त्याच्या कंबरेत, हाडाजवळ, लोखंडाचा एक तुकडा होता. गेल्या शरदात त्याने पर्पल हार्ट मागितलं, शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला देतात ते पदक. पण त्याच्या दवाखान्याच्या नोंदीत एकच ओळ होती: ट्रकवरून पडला. एक्स-रेत तुकडा दिसत होता. तो शत्रूच्या गोळ्याचा की ट्रकचा, हे एक्स-रे सांगत नव्हता. साक्षीदार हवा होता, आणि जखम झाली त्या दुपारचा जिवंत साक्षीदार एकटा सेल्मर. त्याने साक्ष लिहून दिली. उत्तर आलं की नोंदीप्रमाणे साक्षीदार त्या दिवशी साठ मैल दूर मुख्यालयाच्या कचेरीत बसलेला होता. त्याला तिकडचं दिसलं कसं?

ड्वेनने ते उत्तर घडी घालून ठेवून दिलं. तक्रार करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण माजी सैनिकांच्या क्लबात सकाळच्या कॉफीला बसणाऱ्या सात-आठ म्हाताऱ्यांना ती ओळ पन्नास वर्षं पुरली होती. ड्वेन उठायला लागला की कुणीतरी म्हणायचंच, जपून उतर बाबा, खुर्ची उंच आहे. ड्वेन हसायचा. सेल्मर कपात बघायचा.

"म्हणजे आधी तुमचा कागद दुरुस्त व्हायला हवा," पाकू म्हणाली. "तो झाला की तुमच्या साक्षीला वजन. प्रमाणपत्र आहे ना ब्राँझ स्टारचं?"

अर्डिसने ते पिशवीतून काढलं. नाताळच्या टेबलक्लॉथांखाली सापडलं होतं. त्यात लिहिलं होतं की रोस्टाडने भर माऱ्यात, जळत्या कोठारात शिरून, एका जखमी सहकाऱ्याला बाहेर काढलं. सहकाऱ्याचं नाव नव्हतं.

पाकू जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची कामं बघायची. स्वतः आठ वर्षं सैन्यात काढलेली, त्यामुळे सरकारी कागदाची नस तिला ठाऊक होती. तिने अर्ज समोर ओढला आणि एकेक प्रश्न विचारत भरायला घेतला. एका प्रश्नाशी ती थांबली.

"चूक तुमच्या लक्षात केव्हा आली?"

"टाइप करताना," सेल्मर म्हणाला.

पाकूने पेन खाली ठेवलं. चूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो, हे तिने शांतपणे समजावलं. उशिराला सबळ कारण द्यावं लागेल, आणि त्या दुपारी काय घडलं ते त्याच्याच शब्दांत, सविस्तर हवं. सेल्मरने मान डोलावली, कागद घेतला, दहा मिनिटं लिहिलं आणि परत दिला. त्यावर होतं: 'कोठाराला आग लागली. मी मदत केली.'

"मिस्टर रोस्टाड."

"खोटं नाही त्यात काही."

"खरंही फारसं नाही." पाकूने खुर्ची थोडी पुढे घेतली. "माझे आजोबा लाओसच्या डोंगरात अकरा वर्षं तुमच्याच बाजूने लढले. त्यांच्याकडे एकही कागद नाही. चुकीचासुद्धा नाही. माझी आजी अजून विचारते, कुठे लिहिलंय का गं त्यांचं नाव. तुमच्याकडे निदान चुकीचा कागद आहे. तो असा सांडून देऊ नका."

ती रागावली नव्हती, पण सेल्मरचे कान लाल झाले. मग तिने विचारलं की तिकडच्या कचेरीत तो दुसऱ्यांच्या पदकांच्या शिफारशी टाइप करायचा का. करायचा, दोनेकशे केल्या असतील, असं तो म्हणाला, आणि चांगल्या केल्या होत्या, हेही त्याच्या तोंडून जवळजवळ निघालंच.

"मग आणखी एक करा. रोस्टाड नावाचा कुणी पोरगा आहे. तुमची त्याची ओळख नाही."

ही मात्रा लागू पडली. त्या दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर सेल्मरने टाइपचं यंत्र मांडलं आणि त्याची बोटं जी सुटली ती अर्डिस थक्क होऊन बघत राहिली. सदर जवान कारकून असूनही. सदर जवानाने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता. छत कोसळत असताना दुसऱ्यांदा आत शिरून. एकावन्न वर्षांच्या संसारात तिने यातलं अक्षर ऐकलं नव्हतं. ती त्याच्या खांद्यावरून वाचत होती आणि वाचता वाचता तिने एप्रनने डोळे पुसले.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोटं थांबली.

"पुढे?" अर्डिसने विचारलं.

"पुढे ट्रक आहे."

तिने खुर्ची ओढली. सेल्मर यंत्राकडे बघतच बोलला. ड्वेनला ट्रकच्या मागे टाकला, तेव्हा त्याच्या कंबरेतून रक्त येत होतं. चालक पळाला होता. सेल्मरला कधी ट्रक चालवायला दिला नव्हता. परवाना नव्हता, घरच्या ट्रॅक्टरवर काय शिकला होता तेवढंच. पण चालवला. दवाखान्याच्या अलीकडे वळण होतं. वळणानंतर त्याने मागे पाहिलं तर ट्रकमध्ये ड्वेन नव्हता.

"मी पाडलं त्याला, अर्डिस. पायाचं हाड तिथे मोडलं. लोक मला नम्र म्हणतात. नम्रपणा कसला त्यात? ज्याला वाचवलं म्हणून पदक, त्यालाच रस्त्यावर सांडला, ते कुठल्या तोंडाने टाइप करणार होतो?"

"ड्वेनला माहीत आहे?"

"बेशुद्ध होता." त्याने चष्मा काढला. "पन्नास वर्षं त्याला हसतात आणि मी शेजारी बसून मूग गिळतो. आता हे लिहिल्याशिवाय त्याची नोंद पुसली जायची नाही, आणि लिहिलं तर त्याला कळणार."

अर्डिसने यंत्रातला कागद बघितला, मग त्याच्याकडे बघितलं. "मग आधी त्याला कळू दे," ती म्हणाली. "पोस्टाने कळण्यापेक्षा बरं."

सेल्मरने त्या परिच्छेदाचं टाइपिंग पुरं केलं. त्याला पाऊण तास लागला.

ड्वेन गॅरेजमध्ये मासे धरायचे गळ निवडत बसला होता. तळ्यावरचा बर्फ पातळ व्हायला लागला होता, म्हणजे यंदाची बर्फावरची मासेमारी संपलीच. त्यावर दोघं बोलले. मग रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलले. मग पाद्रीबाबांच्या गुडघ्यावर. इकडे कुणी एकदम मुद्द्याला हात घालत नाही. अखेर बोलायला काही उरलं नाही तेव्हा सेल्मरने कोटाच्या आतून दोन्ही पानं काढून दिली.

ड्वेनने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला लागला. तो हळू वाचतो. पहिलं पान खाली ठेवलं. दुसरं अर्ध्यावर आलं तेव्हा सेल्मरने भिंतीवरची कुऱ्हाड, करवत, दोऱ्यांची रिळं, जे दिसेल ते बघून घेतलं. शाळेपासूनचा एकच मित्र, आणि तो आता जाणार, असं त्याला खरोखर वाटत होतं.

ड्वेनने कानावरची पेन्सिल काढली.

"वळण डावीकडचं नव्हतं," तो म्हणाला. "उजवीकडचं." आणि त्याने ते दुरुस्त केलं.

सेल्मरला आधी कळलंच नाही.

"तुला माहीत होतं?"

"मी ट्रकमध्येच होतो की."

"बेशुद्ध होतास तू!"

"डोळे मिटले होते. तुझं चालवणं बघवत नव्हतं."

सेल्मर उलट्या बादलीवर बसला. ड्वेन पुढे वाचत राहिला. वाचता वाचताच, मान वर न करता, त्याने सांगितलं की दवाखान्यात रांग लागली होती, आणि डॉक्टरने काय झालं विचारल्यावर त्याने ट्रकवरून पडलो एवढंच सांगितलं.

"गोळ्याचं का नाही सांगितलंस?"

"ते सांगितलं असतं तर आग आली असती, मग ट्रक, मग ट्रक कोण चालवत होतं ते. परवाना नसताना गाडी चालवून माणूस पाडला म्हणून तुला आत टाकला असता. पाय मोडला ते दिसतच होतं. बाकीचं राहू दे म्हटलं."

"ड्वेन, पन्नास वर्षं."

"त्रेपन्न."

काहीतरी मोठं बोलायला हवं होतं, आणि तसं बोलायची दोघांच्याही सात पिढ्यांत कुणाला सवय नव्हती. ड्वेननेच त्याची सुटका केली. त्याने कागद पुढे धरून एका शब्दावर पेन्सिल आपटली.

"हे 'किंचित वेगात' काय आहे?"

"वेग जरा जास्त होता."

"किंचित काढ," ड्वेन म्हणाला. "सरकारी कागद आहे. खोटं लिहू नये."

अर्ज गेला. पाकूने सोबत आपलं दीड पानी पत्र जोडलं आणि उशिराचं कारण एका ओळीत लिहिलं: अर्जदाराला पदक नको नव्हतं, स्वतःची लाज वाटत होती. वरच्या कचेरीने ते कसं वाचलं कोण जाणे, पण उन्हाळा सरता सरता सेल्मरच्या कागदाची दुरुस्ती आली. एकच पान. सहा आठवडे, चौकीचं नाव, ब्राँझ स्टार. त्याने ते तीनदा तपासलं. टाइपिंगची चूक एकही नव्हती. नोव्हेंबरात ड्वेनचं पाकीट आलं.

पाकूने पदक क्लबातच द्यायचं ठरवलं, सकाळच्या कॉफीला, कारण समारंभ म्हटला असता तर ड्वेन आलाच नसता. तिने त्याच्या जाड लोकरी शर्टावर ते जांभळ्या फितीचं पदक टोचलं. म्हातारे उभे राहिले. इतकी वर्षं हसलेली माणसं ती, एकेकाने टोपी काढली.

"बरं आहे," शेवटी एकजण म्हणाला, आणि बाकीच्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

"पण ट्रकवरून पडलो हेही खरंच आहे हं," ड्वेन म्हणाला. "तेही त्याच दिवशी."

सगळे हसले, सुटल्यासारखे, आणि परत खाली बसले. कुणीतरी विचारलं, ट्रक चालवणारा गाढव कोण होता रे मग? ड्वेनने खांदे उडवले आणि साखरेकडे हात नेला. आठवत नाही, म्हणाला.

सेल्मर उभा राहिला. कॉफीच्या टेबलाशी तो उभा राहून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे हसणं आपोआप थांबलं.

"मी चालवत होतो," तो म्हणाला.

सेल्मर खाली बसायला लागला तेव्हा ड्वेनने त्याची बाही धरली.

"उरलेलंही सांग," तो म्हणाला. "अर्धी नोंद ठेवायची नाही."

सेल्मरने अर्डिसकडे बघितलं. ती दाराशी डबा घेऊन उभी होती आणि तिला ते सगळं पाठ होतं, तरी ती ऐकायला थांबली होती.

"त्याच्या आधी," सेल्मर म्हणाला, "मी याला आगीतून उचलून आणला होता."