ट्रेवरचं कुंकू

घशाच्या ऑपरेशननंतर माझ्या आजोबांचा, केरूनानांचा, आवाज गेला. तो आता एकाच सीडीत उरला होता, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होताना झालेल्या निरोप समारंभातल्या भाषणात. ती सीडी प्लेअरच्या अडकलेल्या ट्रेमध्ये होती.

“मिक्सर मीच दुरुस्त केला ना? हाही करते,” मी म्हटलं.

झाकण उघडलं, तर ट्रेच्या खाचेत दर दसऱ्याचं कुंकू घट्ट बसलेलं. “नाना, पूजा बाहेरून करतात हो.” ते गालात हसले.

खाच पुसल्यावर ट्रे सुळकन बाहेर आला. सीडीवरही कुंकवाचा टिळा होता. तो पुसताना चंदेरी पापुद्राच निघून आला. चार वेळा लावून पाहिली, चारही वेळा ‘नो डिस्क’.

नानांनी पाटीवर लिहिलं, ‘ट्रे छान चालतोय गं.’