सहा निळे ग्लास

अकरा वर्षांत मुग्धाला कोणी ‘तू काय घेणार?’ असं विचारलं नव्हतं. विचारणार तरी कशाला? घर अल नहदाला, म्हणजे शारजात, तिथे दारूचं नाव काढायचं नाही. पार्ट्या सगळ्या दुबईत, आणि या देशात थेंबभर पिऊन स्टिअरिंगला हात लावायची कोणाची छाती होत नाही. तेव्हा पार्टी कुणाचीही असो, मुग्धाच्या हातात लिंबू-सोडा आणि पर्समध्ये गाडीची किल्ली, हे ठरलेलं.

तिचा नवरा सुदेश नोकरी करायचा बँकेत, पण जीव सगळा व्हिस्कीत. तसा तो बेताने प्यायचा, बोलायचा मात्र बेसुमार. परतीच्या वाटेवर शेरी वाइनची पिंपं, धुराचे वास, स्कॉटलंडचा समुद्र असं सगळं गाडीत अवतरायचं. मुग्धा “हं” म्हणायची आणि लेन बदलायची. लग्नाआधी तिने सहा वर्षं नवी मुंबईत मसाल्याच्या कंपनीत वास घेऊन माल पास-नापास केला होता, हे सुदेशला माहीत होतं, पण ते त्याच्या डोक्यात राहायचं नाही. पार्टीत तो नाचायला गेला की ती त्याचा ग्लास धरून बसायची आणि करमेना म्हणून हुंगायची. त्यातून तिला एवढं कळलं होतं की त्याच्या व्याख्यानातलं निम्मं चुकीचं असतं. पण चालत्या गाडीत वाद नको म्हणून ती गप्प बसायची. ही गप्प बसायची सवय फार वाईट, एकदा लागली की सुटत नाही.

यंदा सुदेशचा मित्र सुजीत याच्या व्हिस्की क्लबने टेस्टिंग ठेवलं ते एका बेटावर. अबूधाबीच्या पार पश्चिमेला, जबल धन्नाच्या धक्क्यावरून बोटीने जायचं. बेटावर हरणं, खारफुटी आणि एकच हॉटेल. मुक्काम तिथेच, गाडी धक्क्यावर. तिथवर चार तास गाडी अर्थात मुग्धाने चालवली आणि बोटीत बसल्या बसल्या जाहीर केलं, “मी पण बसणार टेस्टिंगला.”

“तू?” सुदेश हसला. “अगं, सहा ग्लास असतात. झेपेल का?”

“थुंकायला भांडं ठेवतात ना? तूच सांगत असतोस.”

दुपारी चारला पंधरा माणसं समुद्राकडे तोंड करून बसली. प्रत्येकापुढे सहा निळे ग्लास, रंग दिसू नये म्हणून. बाटल्यांना खाकी कागद गुंडाळून वर एक ते सहा आकडे चिकटवलेले. कार्डावर सहा व्हिस्कींची नावं, कुठल्या ग्लासात कुठली ते ओळखायचं. क्लब दरवर्षी व्हिस्कीचं एक अख्खं पिंप विकत घेऊन बाटल्यांत भरायचा; जो जिंकेल त्याने यंदाचं पिंप निवडायचं आणि बाटलीवर त्याचं नाव छापायचं. सुदेश त्या पिंपासाठी तीन वर्षं झुरत होता.

मुग्धाने सगळे ग्लास आधी नुसते हुंगले. चौथा आणि पाचवा दोन्ही धुराचे. पण चौथ्यात धुरामागे पिकलेलं केळं होतं. असा फळाचा गोडवा उन्हाच्या देशात मुरलेल्या व्हिस्कीलाच येतो, म्हणजे कार्डावरची भारतातली ती हीच. पाचव्यात मीठ आणि सुकत घातलेले बोंबील. अलिबागच्या पोरीला हा वास काय चुकणार? हा स्कॉटलंडच्या बेटावरचा माल. तिने लिहून कार्ड पालथं ठेवलं.

सुजीतने कार्डं तपासली आणि फोनमधली यादी वाचून निकाल दिला. “सुदेश, सहापैकी सहा! हबीबी, कमाल केलीस! आणि मुग्धा, फर्स्ट टाइम आणि चार बरोबर? नॉट बॅड हां. फक्त चार-पाच उलटे झाले.”

टाळ्या पडल्या. सुदेशचा चेहरा असा फुलला होता की मुग्धाला त्याची मायाच आली. तिने हळूच चौथा ग्लास पुन्हा नाकाशी नेला. केळंच. बोलावं तर नवऱ्याचा आनंद आपल्या हाताने मोडायचा, तोही चारचौघांत. न बोलावं तर पुढची अकरा वर्षं “हं” म्हणत गाडी चालवायची. तिने ग्लास खाली ठेवला.

“सुजीत, माझं बरोबर आहे. तुझी यादी उलटी झालीय.”

हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, “भाभीजी को चढ गयी!” सुदेशचे कान लाल झाले. “मुग्धा, खलास, पुरे आता. जाऊ दे ना.”

“नाही जाऊ देणार. चार नंबरचा कागद काढा.”

सुजीत अवघडून हसत राहिला. सुदेशने बायकोकडे पाहिलं. अशा आवाजात ती कधी बोललेली त्याला आठवेना. आणि चार-पाच आपण नुसतेच ठोकून दिले होते, हे त्या टेबलावर एकट्या त्यालाच ठाऊक होतं. तो उठला, चार नंबरची बाटली घेतली आणि कागद टराटरा फाडला.

भारतातली. त्याने क्षणभर लेबल पाहिलं, मग बाटली डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली आणि ओरडला, “सहापैकी सहा माझ्या बायकोचे! माझे चारच!”

सुजीतने कपाळावर हात मारला, नंबर चिकटवताना घोळ झाल्याचं कबूल केलं, आणि मग जो गलका उठला त्याने खारफुटीतले बगळे उडाले. मुग्धाला हसूही येत होतं आणि रडूही. माणसं उठून हात मिळवत होती. तिने दोघांशी मिळवला आणि तिसऱ्याला सरळ मिठीच मारली, इतका आनंद तिला आवरेना.

“यल्ला, चला, आता पिंप!” सुजीतने तिच्यापुढे तीन ग्लास मांडले. “तीन पिंपांतले नमुने. एक निवड.”

सुदेशने सवयीने पहिला ग्लास उचलला, वास घेतला आणि सुरू केलं, “हे बघ, यात शेरीचं पिंप...” आणि थांबला. ग्लास तिच्या हातात दिला, खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“तू सांग,” तो म्हणाला. “मला खरंच कळत नाहीये.”

मुग्धाने तिन्ही ग्लास हुंगले, चाखले आणि सावकाश, एकेका वासाचं नाव घेत सांगायला सुरुवात केली. सूर्य बुडेपर्यंत ती बोलत होती, आणि सुदेश मध्ये एक शब्दही न घालता ऐकत होता.