बुजवलेली खिडकी

भाड्याने द्यायचा फ्लॅट जवळजवळ तयार झाला होता. घोडं अडलं होतं ते फक्त बाथरूमच्या खिडकीवर.

"बुजवून टाक," ताई म्हणाली. "डक्टचा वास येतो. भाडेकरू आल्या पावली परत जाईल."

"एक्झॉस्ट फॅन लावू की," धाकटा भाऊ म्हणाला.

"त्याची घरघर कोण ऐकणार? बुजव."

ताईपुढे त्याचं आजवर कधी चाललं नव्हतं. त्याने खिडकीवर प्लायवूड ठोकलं. विटांचं पक्कं काम गवंडी नंतर करणार होता.

दुपारभर दोघांनी नव्या फरशीवरचं सिमेंट घासून काढलं. ताई धुळीने पांढरीफटक झाली होती. "आता अंघोळ करूनच निघते, गीझरही तपासून होईल," म्हणत ती आत गेली. गीझर गॅसचा होता आणि बाथरूममध्येच होता.

भाऊ ओट्याखालची कपाटं पुसत होता. आतून पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता, एकसुरी. मग्गा आपटल्याचा नाही, खोकल्याचा नाही. नुसती वाहती धार.

"ताई, आटप ना."

फडकं टाकून तो उठला.

त्याने दार वाजवलं. "ताई! चेष्टा पुरे हं!" दाराखालून कोमट पाणी त्याच्या पायाशी आलं. त्याने लाथ मारली. कडी नवी होती, त्यानेच सकाळी घट्ट बसवलेली. आता तिलाच तो शिव्या घालत होता. शेवटी हातोड्याने ती उखडली.

वाफेत ताई भिंतीशी कलंडली होती. मान लुळी. त्याने गॅस बंद केला, तिच्यावर चादर टाकली, काखेत हात घालून तिला फरफटत बाल्कनीत आणलं. "ताई, बोल गं! काहीतरी बोल!"

कितीतरी वेळाने ती कण्हली. मग ओकली. ते बघून तो रडायलाच लागला.

दवाखान्यात तिला प्राणवायू लावला. "कोंडलेल्या खोलीत गॅसचा गीझर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या विषारी वायूला वासही नसतो. अजून थोडा उशीर झाला असता तर..."

भावाने प्लायवूड काढलं, खिडकीला जाळी आणि पंखा बसवला, गीझर बाहेर बाल्कनीत हलवला. ताईने एका शब्दाने विरोध केला नाही.

आता ती स्वतःच्या घरीही अंघोळीला कडी लावत नाही. नवरा बाहेर खुर्ची टाकून बसतो, ती आतून बडबडत राहते. साबण घेताना क्षणभर गप्प झाली, की तो उठून उभा राहतो.