पाखरांसाठी सोडलेला तुकडा

वावराच्या बांधावर, धुऱ्यावर पाय ठेवताच कांताबाईला औषधाचा वास आला. हातातली पिशवी तिथेच टाकून ती कपाशीच्या पऱ्हाटीत शिरली. लाल फडकं बांधलेल्या काठीपर्यंत पानं ओलीचिंब होती.

"पंजाबभाऊजी! हे कोनं केलं?"

शेजारच्या वावरात पंजाबराव फवारणीचा पंप भरत होता. तो खुशीत हसला. "म्याच केलं. तुमी वणीले लेकीकडं गेलत्या ना! म्हटलं, पयले वयनीचं उरकू, मंग माह्यं."

"अवं माय!" कांताबाई मटकन खाली बसली.

आता या माणसाला काय म्हणावं! तिचा नवरा घनश्याम गेल्यापासून दर हंगामाचा पहिला फवारा तो तिच्या वावरात मारायचा, मग स्वतःच्या. एकट्या बाईचं वावर आधी करायचं, ही त्याच्या बापाची रीत. त्यात विचारायचं काय असतं?

पण यंदा गोष्ट वेगळी होती. कृषी महाविद्यालयातली प्रियंका बोंडअळीच्या पतंगांवर, गावच्या बोलीत पाखरांवर, संशोधन करत होती. कांताबाईच्या वावरात तिनं मादीच्या गंधाच्या दोऱ्या बांधल्या होत्या. त्या वासानं नर भांबावतो, त्याला खरी मादी सापडत नाही, मग अंडी नाहीत आणि अळीही नाही. हे खरं की खोटं ते ताडून पाहायला धुऱ्यापासून लाल फडक्याच्या काठीपर्यंतचा एक तुकडा मोकळा सोडलेला. ना दोरी, ना औषध. तो बिघडला की पोरीचं अख्खं वर्ष पाण्यात. "कांताबाई अळ्या पाळून राह्यली," म्हणत मुकुटबनच्या बाजारात लोक हसले होते. हसू देत. तिनं शब्द दिला होता.

"त्या तुकड्याले हात नोका लावू, म्हणून सांगतलं होतं ना तुमाले?"

"मले वाटलं, पोरीच्या भिडेनं म्हणता. दोऱ्या बांधल्या तिकडं नाई मारलं म्या. पन इकडं पाखरं वावर खातीन आन् मी काय पाहत राहू?" पंजाबरावचा चेहरा उतरला.

तेवढ्यात रस्त्यावर स्कूटी थांबली. प्रियंकाच होती.

"वयनी, बोलू नोका," पंजाबराव घाईघाईनं कुजबुजला. "वास माह्या वावरातून आला म्हणू. कोनाले समजते?"

कांताबाईनं ओल्या पानांकडे पाहिलं. खरंच, कोणाला समजणार होतं? पण मग मोकळ्या तुकड्यातही अळी सापडणार नाही, दोऱ्या फुकट गेल्या असं ठरेल, आणि पोरगी तेच खरं मानून सगळ्यांना सांगत फिरेल. प्रियंका तर हसतच येत होती.

"थांब, पोरी. तुकडा बिघडला. औषध मारलं गेलं."

प्रियंका जागीच थबकली. "कोणी मारलं, मावशी?"

"म्या मारलं."

"तुम्ही? मावशी, तुम्ही?" पोरीचे डोळे भरून आले. कांताबाईनं मान खाली घातली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खोटं बोलून राह्यल्या त्या." पंजाबराव धुरा ओलांडून आला, पाठीवर भरलेला पंप तसाच. "मारलं म्या. त्यायले ठाऊक बी नोतं." तो जरा घुटमळला. "माह्या वावरात अजून थेंब नाई पडला. बियाणं एकच, पेरा बी एकाच दिवशीचा. धुऱ्याले लागून घे तुकडा. चालन का?"

प्रियंकानं डोळे पुसले, दोन्ही वावरं न्याहाळली. "चालेल, काका. पण शेवटपर्यंत औषध मारायचं नाही. बोंडं किडतील."

"भाऊजी, नोका," कांताबाई कळवळली. "धुऱ्याकडचीच पऱ्हाटी तुमची सगळ्यात चांगली हाये."

"माह्यं मी पाहतो."

त्यानं पाठीवरचा पंप उतरवून बाजूला ठेवला. तिच्या वावरातली लाल फडक्याची काठी उपटली आणि आपल्या पऱ्हाटीत नेऊन रोवली. त्या हालचालीनं पानाखालून एक करडं, बारीक पाखरू उडालं आणि समोरच्या बोंडावर बसलं. सवयीनं पंजाबरावचा हात उठला. मग त्यानं तो सावकाश खाली घेतला.